होडी तीच, बसलेले कोण?

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तिन्ही चित्रांचे फोटो मिळाले. पाठमोरी माणसं फार सुंदर उतरली आहेत. पण प्रत्येक कॅनव्हासवर मधोमध तू रेघ मारली आहेस: डावीकडे अमेरिकेतल्या काळ्यांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या १९६५ च्या मोर्चातला सेल्माचा पूल, उजवीकडे २०२० मधला मोर्चा. ती रेघच सांगून टाकते की बघा, इतिहास पुन्हा घडतोय. मग बघणाऱ्यानं करायचं काय?

तू न्यू जर्सीत राहतेस, म्हणून डेलावेअर नदीचंच उदाहरण घेते. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये चित्रकार लॉयत्सेचं १८५१ मधलं प्रचंड चित्र आहे, जवळजवळ साडेसहा मीटर रुंद. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ च्या नाताळच्या रात्री बर्फातून नदी ओलांडणारी होडी, तीत ताठ उभा सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन. लॉयत्से ते जर्मनीत बसून रंगवत होता. १८४८ चे युरोपातले उठाव फसले होते आणि तिथल्या खचलेल्यांना त्याला धीर द्यायचा होता. म्हणजे जुनी लढाई त्यालाही आजच्यासाठीच हवी होती. वॉशिंग्टनच्या गुडघ्यापाशी एक काळा वल्हेकरी आहे, तो शोध. शोधावा लागतो.

१९५४ साली जेकब लॉरेन्स या काळ्या चित्रकारानं हाच प्रसंग घेतला. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवल्या, तेच हे वर्ष. फलक जेमतेम बारा बाय सोळा इंच, एग टेम्परातला, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांचा. त्यात नायक सापडतच नाही. पांघरुणात गुरफटून वाकलेली माणसं, अणकुचीदार संगिनी, लाटाही तशाच. थंडी अंगाला लागते.

१९७५ मध्ये रॉबर्ट कोलस्कॉट या काळ्या चित्रकारानं वॉशिंग्टनच्या जागी काळा शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर उभा केला. भोवती स्वयंपाकीण, बँजोवाला, अशी गोऱ्या अमेरिकेनं काळ्यांची पिढ्यान्‌पिढ्या काढलेली विटंबनाचित्रं. उपशीर्षकात तो याला इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातलं पान म्हणतो. मला ते असं दिसतं: पुस्तकात नाव एकालाच, बाकीच्यांना नुसती सोंगं.

होडी तीच ठेवली आणि माणसं बदलली, एवढंच. रेघ कुणीच मारली नाही.

तुझ्याकडे तर सेल्माचा पूल आहे, एडमंड पेटसच्या नावाचा. हा पेटस म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचा सेनापती, त्याचं नाव पोलादी कमानीवर ठळक अक्षरांत. त्याच नावाखालून चालत आलेल्या जॉन लुईस या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या नेत्याचं डोकं ७ मार्च १९६५ ला राज्य पोलिसांनी फोडलं. २६ जुलै २०२० ला त्याची शवपेटी घोडागाडीतून त्याच पुलावरून गेली, आणि पलीकडे राज्य पोलिसांनी सलाम केला. कमान दोन्ही दिवशी तीच होती.

एकच कॅनव्हास घे. आधी कमान आणि तिच्यावरची अक्षरं रंगव, पुरती वाळू दे. खाली कुणाला आणायचं ते त्यानंतर ठरव, आणि घाई करू नकोस. अक्षरं झाली की फोटो पाठव.

तुझी,
बाई