तालुक्याच्या गावात एकाच घराची मोटारींची एजन्सी तीन-तीन पिढ्या कशी टिकते?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या तालुक्याच्या गावात एकाच घराने तीन पिढ्या चालवलेली गाड्यांची एजन्सी नुकतीच बंद झाली. अशा एजन्स्या मुळात इतकी वर्षं टिकतात कशा आणि मग एकदम जातात कशा, असा तुमचा प्रश्न आहे. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याचा. आमचीही एजन्सी तिसऱ्या पिढीत आहे आणि सध्या ती मी बघतो. आमची बंद पडली नाही, पण एकदा अगदी काठावर आली होती. म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.

सुरुवात आजोबांची. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. साठच्या दशकात त्यांचं ऑइल इंजिन आणि पंपांचं दुकान होतं. विहिरीवर इंजिन बसवून द्यायचं आणि बिघडलं की पान्यांची पिशवी सायकलला अडकवून शेतात जायचं. चोपड्याला रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही. सुरत-भुसावळ लाइन तापीच्या पलीकडून, अमळनेर-धरणगावकडून जाते. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता. त्यामुळे माणूस असो की माल, सगळं चाकावर. इंजिनं दुरुस्त करता करता आप्पांकडे जीपही यायला लागल्या. मग धुळ्याच्या एका डीलरने त्यांना स्कूटर आणि जीपची सब-एजन्सी दिली.

तेव्हाची एजन्सी आजच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे, कारण दुकानात विकायला गाडीच नसायची. विकायला नंबर असायचा. मोटारींच्या वाटपावर १९५९ पासून सरकारी नियंत्रण होतं, स्कूटरवरही होतं. पैसे भरले की वहीत नाव चढायचं आणि क्रमाने गाडी मिळायची. स्कूटरचा नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची. मुलगा शाळेत असताना नाव लावलं आणि गाडी त्याच्या लग्नात आली, अशी उदाहरणं आमच्या वहीत आहेत.

ती वही अजून माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट, अडत दुकानात असते तशी. पहिल्या रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात गाव. चौथा रकाना आप्पांनी स्वतःच्या सोयीसाठी आखलेला. त्यात पैसे कशातून आणि कधी येणार ते लिहिलेलं. ‘कपाशी, दिवाळीनंतर.’ ‘मृगबाग, खोडं ४,०००.’ ‘कांदेबाग, पुढच्या वर्षी.’ ‘मास्तर, पगार.’ मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, कांदेबाग म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली. आमच्या भागात केळीचा शेतकरी आपली ऐपत एकरात कमी आणि खोडांत जास्त सांगतो, हे माहीत नसेल तर तो रकाना कळणार नाही.

त्या काळात खरा पैसा ‘ऑन’चा होता. गाडीच्या किमतीवर वरचे पैसे दिले की मागचा नंबर पुढे. आप्पांनी ते केलं नाही, आणि हे मी घरचा म्हणून सांगत नाही, वहीत एकही खाडाखोड नाही म्हणून सांगतो. वडील एक प्रसंग सांगतात. तालुक्यातला एक वजनदार माणूस दुकानात आला आणि नोटांची गड्डी वहीवर ठेवून म्हणाला, एवढी जीप माझी करा. आप्पांनी गड्डी बाजूला सरकवली, वही त्याच्याकडे फिरवली आणि म्हणाले, ‘तुमच्या वरची नावं तेवढी वाचून दाखवा, कोणाचं खोडायचं ते तुम्हीच सांगा.’ तो वाचायला लागला. तिसरं नाव त्याच्या सख्ख्या साडूचं निघालं. गड्डी खिशात गेली आणि तो आपल्या नंबरापर्यंत थांबला. पुढे त्याच घराने आमच्याकडून पाच गाड्या घेतल्या.

१४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली गेली. पन्नास हजारांच्या आसपासची गाडी. आमच्याकडे रस्त्यावर तोवर जीप, फियाट आणि अँबॅसिडर. मारुती बघून जाणती माणसं म्हणायची, ही खेळण्यातली गाडी खान्देशच्या उन्हात आणि आमच्या खड्ड्यांत किती टिकणार? टिकली. पण आमच्यासारख्या सब-एजंटसाठी खरा बदल दहा वर्षांनी झाला. १९९१ नंतर धोरण सैल झालं, १९९३ मध्ये मोटार उत्पादनाचा परवाना गेला, नव्या कंपन्या आल्या आणि रांग संपली. पहिल्या रकान्यातल्या क्रमांकाला काही किंमत उरली नाही. ज्यांची कमाई त्या क्रमांकावर होती ती दुकानं संपली. आमच्याकडे चौथा रकाना होता.

वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, त्याच्यावर धंदा उभा केला. कोणाची केळी कधी कापणीला येणार, कोणाच्या घरी पोरीचं लग्न आहे, कोणाची गाडी आठ वर्षांची झाली, हे त्यांना तोंडपाठ. बँका शेतकऱ्याला गाडीसाठी कर्ज द्यायला कचरायच्या, कारण दरमहा हप्ता भरणारं उत्पन्न त्याच्याकडे नाही. भाऊ मॅनेजरसमोर बसून सांगायचे की याचे हप्ते सहामाही लावा, पट्टी, म्हणजे केळी विकल्याचे पैसे, आली की भरेल. वैशाखातल्या वादळात केळी आडवी झाली की त्या वर्षी हप्ता थकायचा. तेव्हा भाऊ आधी शेतात जाऊन यायचे आणि मग बँकेत.

आता पैशाचं गणित सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की एवढ्या गाड्या विकतात म्हणजे चंगळ असेल. छोट्या गाडीवर डीलरला साधारण तीन ते पाच टक्के सुटतात. सहा लाखांच्या गाडीवर चार टक्के धरले तर २४ हजार. त्यातून ग्राहकाला सूट, सेल्समनचं इन्सेंटिव्ह, जागेचं भाडं, वीज. शिवाय अंगणात उभी असलेली गाडी आमची नसते, बँकेच्या पैशाची असते. सहा लाखांच्या २० गाड्या म्हणजे सव्वा कोटीच्या जवळ माल. दहा टक्क्यांनी महिन्याला एक लाख रुपये नुसतं व्याज. पितृपक्षात कोणी गाडी उचलत नाही, पण व्याजाला पितृपक्ष नसतो. म्हणून पाडवा, आखाजी (अक्षय्य तृतीया), दसरा, धनत्रयोदशी या चार दिवसांवर आमचं वर्ष तोललेलं असतं.

मग घर कशावर चालतं? वर्कशॉपवर. मजुरी, स्पेअर पार्ट, विमा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की एसीच्या गॅससाठी आणि बॅटरीसाठी रांग लागते. पावसाळ्यानंतर शॉकअप, बुश, लिंक रॉड. आमचे मोठे मेस्त्री गाडी फाटकातून आत येतानाच आवाजावरून सांगतात की डावा खालचा बुश गेलाय. सोळाव्या वर्षी ते आप्पांच्या हाताखाली लागले. माझ्या मते तालुक्याच्या एजन्सीची खरी मालमत्ता हीच माणसं असतात, आणि ताळेबंदात ती कुठेच दिसत नाहीत.

आमच्या घराची मोठी चूक इथेच झाली. एका परदेशी कंपनीची थेट एजन्सी मिळत होती. सब-एजंटचा शिक्का पुसला जाईल म्हणून भाऊंनी ती घेतली, आणि मीही तेव्हा आग्रह धरला होता. कंपनीने सांगितलेल्या मापाची काच, कंपनीने सांगितलेल्या टाइल्स, कंपनीने सांगितलेल्याच ठेकेदाराकडून. निम्मं कर्ज त्या दर्शनी भागावर गेलं. वर्कशॉप मागे पत्र्याखाली तसंच राहिलं. काही वर्षं बरी गेली. मग एके दिवशी सकाळी बातमी आली की कंपनी भारतातली विक्री बंद करतेय. आम्हाला पत्र नंतर आलं. आपल्याकडे डीलरला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा नाही, जे काही आहे ते करारात, आणि करार कंपनीने लिहिलेला. भरपाई मिळाली, पण काचेचं कर्ज फिटेल एवढी नाही.

तेव्हा आप्पांनी घेतलेला तापीकाठचा मळा आम्ही विकला. शोरूमचा निम्मा हॉल भाड्याने दिला. सेल्सची सगळी मुलं गेली आणि ते फार वाईट दिवस होते, एकेकाला समोर बसवून सांगावं लागलं. मेस्त्री मात्र एकही सोडला नाही. त्या कंपनीच्या गाड्या घेतलेले लोक येतील तेव्हा भांडायला येतील असं मला वाटलं होतं. पहिला आला तो अडावदकडचा केळीवाला. गाडी लावली, चावी मेस्त्रींच्या हातात दिली आणि मला म्हणाला, ‘कंपनी गई ते जाऊ द्या भाऊ, तुम्ही शेतस ना?’ म्हणजे, तुम्ही आहात ना?

त्यानंतर दोन वर्षं आम्ही नवी गाडी विकली नाही. फक्त सर्व्हिसिंग आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री. त्यावर घर चाललं, व्याज गेलं, आणि पुढे जळगावच्या एका डीलरने दुसऱ्या कंपनीची शाखा आमच्याकडे दिली. म्हणजे आप्पा जिथे होते तिथेच, सब-एजन्सीवर, आम्ही परत आलो. मला त्याचं काही वाटत नाही.

पुढचे धक्के थोडक्यात. २३ मार्च २०२० ला राज्यात संचारबंदी लागली आणि २५ ला पाडवा. पाडव्याला द्यायच्या सात गाड्या अंगणात धुऊन उभ्या होत्या. त्यातल्या दोन बीएस-४, म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या नियमातल्या, ज्यांची नोंदणी ३१ पर्यंत होणं भाग होतं. त्या आमच्याच नावावर चढवल्या आणि नंतर जुन्या म्हणून तोट्यात विकल्या. २०२५ मध्ये १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं आणि त्या दिवसापासून ग्राहक थांबला, तो थेट २२ सप्टेंबरच्या घटस्थापनेला आला. छोट्या पेट्रोल गाडीवर सेस धरून २९ टक्के होता तो १८ वर आला, ग्राहकाचं भलं झालं आणि आमचीही दिवाळी चांगली गेली. पण त्या पाच आठवड्यांचं व्याज आणि मोठ्या गाड्यांवर भरून ठेवलेला, पण आता रद्द झालेला सेस डीलरच्याच अंगावर पडला. तुमच्या गावच्या एजन्सीचं नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही, पण अशा वेळी वर्कशॉप दुबळं असेल तर पाच आठवडेही पुरे होतात.

तुमची गाडी त्यांच्याकडची असेल तर दोन कामं लगेच करा. कर्ज फिटलं असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. एजन्सी करून देईल म्हणून पुष्कळांनी ते तसंच ठेवलेलं असतं. आणि तिथले मेस्त्री कुठे गेले ते विचारा. ते सहसा गावातच असतात, बसस्टँडमागे किंवा बायपासला एखाद्या शेडमध्ये. आमच्याकडे त्या गेलेल्या कंपनीच्या चाळीसेक गाड्या अजून दसऱ्याच्या आधी सर्व्हिसिंगला येतात. काही पार्ट आता नवे मिळत नाहीत, मग मेस्त्री जुन्या गाडीतून काढून बसवतात. त्या गाड्यांची नावं मी लाल वहीतच उरलेल्या पानांवर लिहून ठेवतो, चौथ्या रकान्यासकट.