डिजिटलमुळे आमच्यासारख्या छोट्या शहरात फिल्म फेस्टिव्हल भरवणं सोपं झालंय का?

झालंय. ज्याला ते कळतं त्याला.

लातूरला आमच्या फिल्म सोसायटीकडं पूर्वी पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमधून १६ एमएमच्या प्रिंटा यायच्या. पत्र्याचे डबे एसटीतून उतरवायचे. रीळ तुटलं की आमचे अध्यक्ष, अण्णा, स्वतः जोडायचे. त्यामुळं काहीही अडलं तरी हातानं सुटतं, असा त्यांचा समज पक्का झाला.

पुढं आम्ही तीन दिवसांचा महोत्सव केला. समारोपाचा सिनेमा डीसीपीवर, म्हणजे थिएटरसाठीच्या डिजिटल फाइलींच्या संचात, हार्ड डिस्कवरून आलेला, कुलूपबंद. त्याची चावी, केडीएम, ईमेलनं येते. ती एकाच सर्व्हरच्या, म्हणजे एकाच स्क्रीनच्या मशीनच्या, नावाची असते आणि ठरलेल्या वेळेतच चालते. मी दोन नंबरच्या स्क्रीनची मागवली होती. ऐन दिवशी दुपारी अण्णा म्हणाले, पाहुणे मोठे आहेत, एक नंबरला लावू. मी म्हणालो, उघडणार नाही.

"अरे, भिंतीच्या पलीकडंच न्यायलोत ना!"

डिस्क नेली, कॉपी व्हायला सव्वा तास गेला. सिनेमा यादीत दिसतोय, पण उघडेना. नव्या चावीसाठी मुंबईला फोन लावला तर रविवार, कोणी उचलेना. तोवर थिएटरवाल्यानं दोन नंबरला रोजचा खेळ लावून तिकिटं विकलेली. पाहुणे पाऊण तास बोलले. शेवटी अण्णा माइकवर: "आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं घोळ घातलाय, माफ करा." पोराचं वय तेव्हा एक्केचाळीस.

बाकी फायदे आहेतच. फिल्मफ्रीवे या वेबसाइटवरून प्रवेशिका येतात, निवड समिती घरी बसून बघते. पूर्ण किती जण बघतात, ते विचारू नका.

ऑनलाइन महोत्सव मात्र मला महोत्सव वाटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये गोव्याचा इफ्फी हायब्रिड, म्हणजे थिएटरातही आणि ऑनलाइनही, झाला, तेव्हा मीही घरून बघायला बसलो. मध्येच नळाला पाणी आलं. लातूरचं पाणी, सोडून कसं चालेल? तो सिनेमा आजवर अर्धाच राहिलाय.

हो, एक राहिलं. शॉर्टफिल्म बहुतेक साध्या फाइलवर नाहीतर बिनकुलपाच्या डीसीपीवर येतात, त्यांना ही चावीची भानगड नसते. फक्त जिथं दाखवणार त्याच मशीनवर आदल्या दिवशी शेवटपर्यंत चालवून बघा. आणि ऐन वेळी कोणी स्क्रीन बदला म्हणालं, तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. अण्णा आजही म्हणतात, "त्या दिवशी मी काही बोललोच नव्हतो."