पोलिसांना लाठी चालवण्याचे नेमके काय शिकवतात?

ठाण्यातील दहीहंडीच्या गर्दीत उगारलेली लाठी पाहून, ती कुठेही मारण्याची पोलिसांना मुभा असते का, असे आपण विचारले आहे. अजिबात नसते. फटका मांडी, पोटरी अशा मांसल भागांवर द्यायचा असतो. डोके, मान आणि पाठीचा कणा वर्ज्य, कारण तेथील एकच घाव जिवावर बेतू शकतो. माझ्या मते खरी कसोटी हातांपेक्षा पायांची असते, कारण पवित्रा ढळला की मांडीवर नेम धरलेली लाठीसुद्धा वाकलेल्या माणसाच्या डोक्यात बसते. जमावाला पांगण्याचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा, तो नसल्यास, किमान उपनिरीक्षक देतो आणि जमाव न हटल्यासच बळाचा वापर करता येतो. स्वसंरक्षणाचा प्रसंग अर्थातच वेगळा.