जळकं ऑइल नेणारा पावती देतो, पण...

घातक कचऱ्याबद्दल त्याच त्या शंका दर आठवड्याला येतात, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

प्र. घरात सीएफएल दिवा फुटला. झाडून घेतला तर चालेल? (विश्रामबाग)

उ. झाडू नको, पाऱ्याचे कण उडतात. खिडक्या उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबा, मग जाड पुठ्ठ्यानं तुकडे उचलून झाकणाच्या बरणीत भरा. बरणी कुठं द्यायची ते महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकाला विचारा.

प्र. कुपवाडला आमचं छोटं वर्कशॉप आहे. मशिनचं जळकं ऑइल एक जण रोख पैसे देऊन नेतो, पावतीही देतो. मग अजून काय लागतं?

उ. ती पावती फ्रेम करून लावा, दुसरा उपयोग नाही. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाची नोंद पहिल्या अनुसूचीत, 5.1 क्रमांकाला आहे. ते ठेवायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र (लेखी परवानगी) लागतं, आणि साधारणपणे 90 दिवसांच्या वर ठेवता येत नाही. माल निघताना नमुना 10 चं मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुणाकडून कुणाकडं चाललाय त्याचा कागद, भरायचं, सात प्रतींत. घेणाराही नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाराच हवा. तुमचं ऑइल नेणारा ड्रम कुठं रिकामा करतो, कधी विचारलंत? असं तेल वीटभट्टीत जळतं, सेंट्रिंगच्या फळ्यांना लागतं, नाहीतर गाळून नव्या डब्यात परत बाजारात येतं. भट्टीत जळताना त्यातले जड धातू धुरात जातात. "सगळेच देतात हो" हे तर मला तोंडपाठ झालंय. आणि "सगळं सेट करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. या कचऱ्याचं वार्षिक विवरण मंडळाला 30 जूनपर्यंत द्यायचं असतं. 29 तारखेला फोन करणाऱ्यांनी माझ्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. तुमच्या कामाला नेमकं काय लागू होतं ते आधी मंडळाच्या सांगलीच्या उपप्रादेशिक कार्यालयात विचारून घ्या. याच आठवड्यात.

प्र. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीला भंगारवाला दुकानापेक्षा जास्त देतो.

उ. अ‍ॅसिड ओढ्यात ओतून, शिसं उघड्यावर वितळवलं की जास्त देणं परवडतं. नवी घेताना जुनी दुकानदाराकडेच द्या.

प्र. द्राक्षबागेतल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या बांधावर जाळतो. (तासगाव)

उ. जाळू नका. बाटली रिकामी होताच तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, मग बाटलीला भोक पाडा. पुढं काय करायचं ते लेबलवर वाचा, कृषी सहाय्यकालाही विचारा.

प्र. स्वच्छ धुऊन मजुरांच्या पिण्याच्या पाण्याला वापरल्या तर? (त्याच पत्रात)

उ. नाही.