सहल आखताना आधी तिथी बघा

शाळेतल्या मुलांच्या पहिल्या विज्ञान सहलीला मुंबईतलं नेहरू विज्ञान केंद्र किंवा तारांगण डोळ्यांसमोर येतंच, जरूर न्या. पण मुलांचे हात खरे चालतात ते खडकाळ किनाऱ्यावर. हाजी अली, गिरगाव, कुठलाही चालेल.

तारीख मात्र शाळेच्या सोयीने ठरवू नका. मी ठरवली होती, आणि चाळीस मुलं घेऊन ऐन भरतीत पोहोचले. एक खडक उघडा नव्हता. मुलांचे हिरमुसले चेहरे अजून आठवतात. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला, म्हणजे चारची पाऊणपट, पहाटे तीन वाजता भरती, आणि सहा तासांनी, सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. शाळेला अगदी सोयीचं. तरी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडून बघाच, आणि पावसाळ्यात जाऊच नका.

पाच-पाच मुलांचा गट, प्रत्येकाकडे थर्मामीटर, मोजपट्टी, वही. खडकांमधल्या डबक्यातलं आणि समुद्राचं तापमान त्यांनाच मोजू द्या. फरक दिसला की प्रश्न आपोआप सुटतात तोंडातून. दगड उचलला तर तसाच परत ठेवायला शिकवा. खाली कुणाचं तरी घर असतं. शंखातला खेकडा तळहातावर पाय बाहेर काढेपर्यंत थांबा, घाई करू नका. पाणी वळायच्या आत सगळे वर.