वाचकांचे प्रश्न : काउंटीची हद्द नेमकी कुठून जाते?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी इथे घर घेतो आहे. काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या तिथल्या विभागाच्या) संकेतस्थळावरच्या नकाशात वेक आणि चॅटम या काउंट्यांची हद्द थेट त्या घरावरून गेलेली दिसते. घरपट्टी कुणाकडे भरायची? सरकारी मोजणी मागवता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : संकेतस्थळावरच्या रेषेवर विसंबून कोणताही निर्णय घेऊ नका. ती कामापुरती काढलेली असते, कायद्याने ठरलेली हद्द नव्हे. आपण भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून मोजणी मागवतो, तशी सोय तिथे नाही. परवानाधारक खासगी सर्व्हेअर प्लॉटच्या कडा दाखवून देईल, पण दोन काउंट्यांमधली हद्द ठरवायचा अधिकार ना त्याला आहे, ना घरमालकाला.

मुलाला सांगा, आधी दोन्ही काउंट्यांच्या ‘रजिस्टर ऑफ डीड्स’ (खतं आणि नकाशे नोंदवणाऱ्या) कार्यालयात चौकशी कर : दोन्ही काउंट्यांनी मंजूर केलेला हद्दीचा नकाशा नोंदवलेला आहे का? असेल तर तोच अंतिम. मग सर्व्हेअरकडून घर त्या नकाशावर बसवून घ्यायचं. नसेल तर दोन्ही कर कार्यालयांकडून आकारणी कोण करतं ते लेखी घ्यायचं. हद्द प्लॉटमधून जात असेल, तर ज्या काउंटीत जेवढी जमीन तेवढ्याची घरपट्टी ती काउंटी घेते, आणि खरेदीखत दोन्हीकडे नोंदवावं लागतं. ही दुसरीकडची नोंदणी लोक विसरतात आणि पुढे विक्रीच्या वेळी अडकतात. शाळा कुठली मिळेल, हेही बयाणा देण्याआधीच लेखी घ्यावं. हद्द इकडची तिकडे झाली तरी जमिनीची मालकी मात्र बदलत नाही.

प्रश्न : एकाच राज्यातल्या दोन काउंट्या, मग हद्द सापडत कशी नाही?

उत्तर : कारण ती बहुतेक ठिकाणी आधी शब्दांत लिहिली गेली आणि जमिनीवर नंतर आखली गेली, कधी अर्धवटच. अमुक ओढ्याच्या मुखापासून सरळ उत्तरेला, खूण केलेल्या ओकच्या झाडापर्यंत, असं त्या वर्णनांचं स्वरूप. ओक कधीच पडला, ओढ्याने मुख बदललं.

त्यात मोजणीच्या चुका. तेव्हाची जमीन मोजायची साखळी 66 फुटांची, 100 कड्यांची. 80 साखळ्यांचा एक मैल. साखळी आडवी, समतल धरायची असते. 10 अंशांच्या उतारावर ती उतारालगत टाकली, तर 66 फुटांत आडवं अंतर 65 फूटच कापलं जातं, म्हणजे मैलामागे 80 फुटांची तूट. उलट, वापरून कड्यांचे सांधे झिजले की साखळी लांबते आणि प्रत्यक्ष अंतर नोंदीपेक्षा जास्त भरतं. सगळ्यात महाग पडतं ते होकायंत्र. चुंबकीय उत्तर काळानुसार सरकते. जुन्या कागदावरची दिशा आजच्या सुईने तशीच धरली आणि फरक 1 अंशाचा असला, तर 10 मैलांवर रेषा सुमारे 920 फूट ढळते. एवढ्या पट्ट्यात अख्खी वसाहत बसते!

म्हणून जाणकार सर्व्हेअर आकड्यांमागे धावत नाही. तो आधी नदी, ओढा, टेकडी अशा नैसर्गिक खुणा पाहतो, मग हद्दीचे दगड आणि खुणेची झाडं, त्यानंतर दिशा, त्यानंतर अंतर. क्षेत्रफळाचा भरवसा सर्वांत शेवटी.

प्रश्न : दोन काउंट्यांचं जमलंच नाही तर?

उत्तर : नॉर्थ कॅरोलिनाचा रस्ता मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. आधी दोघांनी मिळून मोजणी करायची, दोन्ही आयुक्त मंडळांनी (काउंटीचा कारभार पाहणाऱ्या, निवडून आलेल्या मंडळांनी) ठराव करून ती मान्य करायची आणि नकाशा दोन्ही काउंट्यांत व राज्याच्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ (राज्याच्या अधिकृत नोंदी सांभाळणारा अधिकारी) कार्यालयात नोंदवायचा. नकाशावर दोन्ही ठरावांच्या तारखा लागतात. इतकं झालं की वाद मिटला. नाहीच पटलं तर कोणतीही एक काउंटी सुपीरियर कोर्टाकडे हद्द-आयोग मागू शकते. त्यात वादातल्या प्रत्येक काउंटीचा एक रहिवासी आणि बाहेरच्या काउंटीचेही रहिवासी असतात. बाहेरचा माणूस असणं फार मोलाचं आहे.

अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात वेगळी तऱ्हा. तिथे ग्रँड ज्युरीने (नागरिकांमधून निवडलेल्या पंचमंडळाने) वाद मांडला की गव्हर्नर सर्व्हेअर नेमतात आणि निकाल सेक्रेटरी ऑफ स्टेट देतात. मन्रो (स्थापना 1821) आणि बिब (स्थापना 1822) या काउंट्यांचा वाद ओकमल्गी नदीवरची जुनी ‘वॉलर्स फेरी’, म्हणजे होडी लागायची जागा, नेमकी कुठे होती यावर अडला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2014 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की हद्द ठरवा असा आदेश सेक्रेटरींना देता येतो, पण अमुकच मोजणी स्वीकारा अशी सक्ती करता येत नाही. म्हणजे गव्हर्नरांनी नेमलेल्या सर्व्हेअरची रेषाही आपोआप पक्की होत नाही. अशा पट्ट्यात घर घेणाऱ्याने हा धोका धरूनच व्यवहार करावा.