वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर गाडी चालवताना

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा. गेल्या ऑक्टोबरमध्ये नोकरीनिमित्त पत्नी व मुलीसह इंग्लंडमधील रेडिंग येथे राहावयास आलो. पुण्याच्या आरटीओने चौदा वर्षांपूर्वी दिलेला पक्का परवाना माझ्याकडे आहे आणि निघताना आंतरराष्ट्रीय परवानाही काढून आणला होता. आता नऊ महिने होत आले. कार्यालयातील एक सहकारी सांगतात, की गणपतीला भारतात जाऊन आलो की बारा महिन्यांची मुदत नव्याने सुरू होते. दुसरे म्हणतात, आंतरराष्ट्रीय परवान्याचे नूतनीकरण केले की पुरे. यांतले खरे काय? आणि इतकी वर्षे गाडी चालवल्यावर मला पुन्हा परीक्षा द्यावी लागणार का?

उत्तर : आपल्या दोन्ही सहकाऱ्यांचे म्हणणे चुकीचे आहे आणि त्यावर विसंबून राहिल्यास आपले मोठे नुकसान होऊ शकते, म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने देत आहे.

भारतीय परवानाधारक ब्रिटनमध्ये राहावयास आला, की त्या दिवसापासून १२ महिने तो आपल्या मूळ परवान्यावर मोटार किंवा मोटारसायकल चालवू शकतो. मोटारीच्या बाबतीत ३,५०० किलोपर्यंतचे वजन आणि चालकाखेरीज आठ आसने ही मर्यादा आहे. ही मुदत वास्तव्य सुरू झाल्यापासून मोजली जाते. गाडी कधी घेतली किंवा पहिल्यांदा कधी चालवली, याचा तिच्याशी संबंध नाही. आपले घर, नोकरी आणि मुलीची शाळा रेडिंगला असताना आपण तीन आठवडे पुण्याला जाऊन आलात, तर ती सुट्टी झाली. वास्तव्य मोडले असे होत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना हा तर स्वतंत्र परवाना नव्हेच. मूळ परवान्यातील मजकूर परदेशातील अधिकाऱ्यांना वाचता यावा यासाठी दिलेला तो एक वर्षाचा दस्तऐवज असतो. तो दहा वेळा नव्याने काढला तरी ब्रिटनने घातलेली १२ महिन्यांची मर्यादा एका दिवसानेही वाढत नाही.

परीक्षेचे उत्तर दुर्दैवाने ‘होय’ असेच आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, स्वित्झर्लंड अशा काही देशांचे परवाने ब्रिटिश परवान्याशी अदलाबदल करून मिळतात. त्या यादीत भारत नाही. त्यामुळे चौदा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसालाही कच्च्या परवान्यापासून सुरुवात करून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. हे मनाला लागते, हे मी समजू शकतो. पण येथे आपल्या कौशल्याबद्दल कोणी शंका घेतलेली नाही. तो परवाना कोणत्या देशाच्या परीक्षेवर मिळाला, एवढेच तपासले जाते.

आता कामाचे. आज संध्याकाळीच डीव्हीएलएच्या, म्हणजे ब्रिटनमध्ये वाहन परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अधिकृत संकेतस्थळावरून कच्च्या परवान्यासाठी, म्हणजे तेथील ‘प्रोव्हिजनल’साठी, अर्ज करावा. हे लिहिताना त्याचे शुल्क ३४ पौंड आहे. टपालाने अर्ज केल्यास ४३ पौंड पडतात. कच्चा परवाना घेतला की गाडीला ‘एल’ची पाटी लावावी लागेल आणि मोटरवेवर जाता येणार नाही, या भीतीने अनेक जण अर्ज लांबवतात. ही भीती निराधार आहे. आपला भारतीय परवाना वैध असेपर्यंत आणि १२ महिने पुरे होईपर्यंत, कच्चा परवाना हातात असला तरी त्याची बंधने आपल्याला लागू होत नाहीत. ती लागू होतात बारा महिने संपल्यावर, तोवर प्रत्यक्ष परीक्षा उत्तीर्ण झाली नसेल तर. मग पुढे-मागे ‘एल’ची पाटी लागेल आणि शेजारी २१ वर्षांहून मोठी व किमान तीन वर्षे पूर्ण परवाना असलेली व्यक्ती बसवावी लागेल. हा परवाना ब्रिटनचा, युरोपीय संघातील देशाचा किंवा स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिश्टनश्टाइन यांपैकी एखाद्या देशाचा असावा लागतो; म्हणजे आपल्या पत्नीकडे भारतीय परवाना असला तरी त्यांच्या सोबतीवर भागणार नाही.

मुदत संपल्यावरही तसेच गाडी चालवत राहणाऱ्यांना मला कळकळीने सांगावेसे वाटते, की प्रश्न केवळ परवान्याचा राहत नाही, विम्याचाही होतो. चालकाला गाडी चालवण्याचा अधिकारच नसेल तर विमा संरक्षण लागू होत नाही आणि विमा नसताना गाडी चालवणे हा ब्रिटनमध्ये गंभीर गुन्हा आहे. जागच्या जागी ३०० पौंड दंड होतो आणि परवान्यावर सहा दंडगुण चढतात, पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात, आणि प्रकरण न्यायालयात गेले तर दंडाला वरची मर्यादा नाही. एखाद्या पादचाऱ्याला दुखापत झाली तर काय होईल, याची कल्पना आपणच करावी.

लेखी परीक्षेचे शुल्क २३ पौंड आहे. तीत ५० प्रश्नांसाठी ५७ मिनिटे मिळतात आणि ४३ उत्तरे बरोबर यावी लागतात. तिचा दुसरा भाग आपल्याकडील लोकांना अनोळखी वाटतो. त्यात रस्त्यावरच्या १४ छोट्या चित्रफिती दाखवतात आणि धोका आकार घेऊ लागला की माउसची कळ दाबायची असते. जितके लवकर ओळखाल तितके गुण अधिक. ७५ पैकी ४४ गुण लागतात. घाबरून सतत कळ दाबत राहिल्यास त्या चित्रफितीचे शून्य गुण मिळतात, त्यामुळे सराव करूनच जावे. उत्तीर्ण झाल्याचा दाखला दोन वर्षे चालतो.

खरी अडचण आहे प्रत्यक्ष परीक्षेच्या तारखेची. करोनाच्या काळात परीक्षा बंद राहिल्याने साचलेली रांग अजून ओसरलेली नाही आणि अनेक केंद्रांवर पाच-सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. म्हणूनच ब्रिटनला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत असतो, की घराच्या किल्ल्या मिळाल्या की कच्च्या परवान्याचा अर्ज करावा. कागदावर १२ महिने दिसत असले तरी रांगेचा हिशेब धरता हातात जेमतेम सहाच असतात. आपल्याकडे तीनच महिने उरले आहेत. लेखी परीक्षा लगेच देऊन मिळेल ती तारीख घ्यावी, मग रद्द झालेल्या जागांसाठी संकेतस्थळ रोज पाहावे. शुल्क आठवड्याच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी व शनिवार-रविवारी ७५ पौंड आहे. याहून अधिक पैसे घेऊन ‘लवकरची तारीख’ देऊ करणाऱ्यांच्या नादी लागू नये. ऑक्टोबरपूर्वी परीक्षा झाली नाही, तर बारा महिने पुरे झाल्यापासून आपण शिकाऊ चालक आहात असे समजून वागावे.

परीक्षेच्या तयारीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण अनुभवी चालक तिथेच अडखळतात. जर्मनीत किंवा अमेरिकेत गेलेला माणूस उजव्या बाजूने गाडी चालवायची म्हणून पहिल्या क्षणापासून सावध असतो. ब्रिटनमध्ये मात्र रस्त्याची बाजूही डावी आणि चाकही उजव्या हाताला, त्यामुळे सारे आपलेच वाटते आणि जुन्या सवयी निर्धास्तपणे सोबत येतात. परीक्षकाला चाळीस मिनिटांत दिसतात त्या याच सवयी. वळण्याआधी आरसे न पाहणे, गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट न देता नाक पुढे घालणे, दोन मार्गिकांच्या मधून जाणे. आपल्याकडे हॉर्न म्हणजे ‘मी येतो आहे’ एवढीच सूचना असते. तेथे तो इतरांना धोक्याची जाणीव करून देण्यासाठीच असतो आणि उगाच वाजवला तर राग समजला जातो. जानेवारी २०२२ पासून नियमावलीत असेही आले आहे, की आपण ज्या रस्त्याला वळणार आहोत तो ओलांडण्यासाठी एखादा पादचारी कडेला नुसता उभा असला तरी त्याला आधी जाऊ द्यावे. पुण्यात चौदा वर्षे गाडी हाकलेल्या माणसाच्या पायाला ही सवय सहज लागत नाही. उलट टोकाची चूकही होते : परीक्षा आहे म्हणून रस्ता मोकळा असतानाही ताशी २० मैलांनी रांगणे किंवा गोल चौकाच्या तोंडाशी अकारण थांबून राहणे हाही दोषच धरला जातो. किरकोळ दोष १५ पर्यंत माफ आहेत. गंभीर दोष एकही चालत नाही. आपल्या परीक्षा केंद्राच्या परिसरातील अधिकृत शिक्षकाकडे निदान पाच-सहा तास तरी घ्यावेत. तो आपल्याला गाडी शिकवणार नाही, सवयी दाखवून देईल.

उत्तीर्ण झाल्यावर एक गोष्ट विसरू नये. तेथील कायद्याच्या दृष्टीने आपण नवे चालक असाल आणि पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण झाले की परवाना रद्द होऊन पुन्हा कच्च्यापासून सुरुवात करावी लागेल. गाडी चालवताना हातात मोबाइल धरल्याचेच सहा गुण होतात.

प्रश्न : आम्ही दोघे सांगलीहून मुलीकडे लीड्सला पाच महिन्यांसाठी जात आहोत. माझे वय ६७ आहे. मुलगी व जावई नोकरीला जातात, तेव्हा नातीला शाळेत सोडण्यासाठी मुलीची गाडी मला चालवता येईल का? त्यासाठी तेथे काही परीक्षा द्यावी लागेल का?

उत्तर : अवश्य चालवता येईल, आणि परीक्षा द्यावी लागणार नाही. पाहुणे म्हणून येणाऱ्यांनाही वैध भारतीय परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत मोटार चालवण्याची मुभा आहे. तेथील कच्चा परवाना आपल्याला काढता येणार नाही, कारण त्यासाठी देशात किमान १८५ दिवस राहण्याची परवानगी लागते. आपल्याला त्याची गरजही नाही.

निघण्यापूर्वी परवान्यावरील अखेरची तारीख पाहून घ्यावी. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर आपल्याकडे परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि अनेकांच्या ते लक्षात राहत नाही. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, तेव्हा तारीख लीड्सच्या मुक्कामात येत असेल तर सांगलीतच वैद्यकीय दाखला जोडून काम उरकावे. जुन्या पद्धतीचा, मराठीत हाताने भरलेला पुस्तकी परवाना अजून वापरात असेल, तर तो बदलून कार्ड घ्यावे. आंतरराष्ट्रीय परवानाही सोबत असू द्यावा. भाड्याने गाडी घेताना त्याचा उपयोग होतो.

विमा मात्र मुलीला आधी करून घ्यावा लागेल. तेथे विमा गाडीबरोबरच चालकाचाही विचार करून दिला जातो, त्यामुळे घरच्या गाडीची किल्ली कोणालाही देता येत नाही. आपले नाव, वय, परवाना भारतीय असल्याची बाब आणि आपण पाहुणे आहात हे सारे विमा कंपनीला खरे सांगून नाव जोडून घ्यावे किंवा काही आठवड्यांपुरता वेगळा विमा घ्यावा. नात १२ वर्षांची किंवा १३५ सेंटिमीटर उंचीची होईपर्यंत तिला मुलांच्या आसनावर बसवणे बंधनकारक आहे. शाळा जवळ आहे म्हणून मांडीवर घेऊन बसणे तेथे चालत नाही, हे आजीलाही सांगून ठेवावे.

प्रश्न : आम्ही मूळचे म्हापशाचे. वडिलांचा जन्म १९६१ पूर्वीचा असल्याने आम्हा भावंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळाले आणि आता मी स्विंडनला राहतो. परवाना मात्र गोव्याचाच आहे. पासपोर्ट युरोपीय असल्याने मला परीक्षेतून सूट मिळते का? माझ्या पत्नीचे इंग्रजी कच्चे आहे. तिला लेखी परीक्षा मराठीतून किंवा कोंकणीतून देता येईल का?

उत्तर : परवान्याच्या बाबतीत नागरिकत्व पाहिले जात नाही, परवाना कोणी दिला आणि परीक्षा कोठे झाली, ते पाहिले जाते. पोर्तुगालमध्ये परीक्षा देऊन तेथील परवाना आपण मिळवला असता, तर तो ब्रिटनमध्ये पुष्कळ वर्षे चालला असता. गोव्याचा परवाना हा भारतीय परवानाच असल्याने, पहिल्या उत्तरात सांगितलेले सारे नियम आपल्याला जसेच्या तसे लागू आहेत. स्विंडनमध्ये गोव्याचे लोक मोठ्या संख्येने राहतात आणि हा गैरसमज अनेकांचा असू शकतो, म्हणून आपल्या ओळखीच्यांनाही हे सांगावे.

पत्नींच्या बाबतीत : एप्रिल २०१४ पासून परकीय भाषांतील ध्वनिमुद्रित प्रश्न आणि दुभाषे दोन्ही बंद झाले आहेत. परीक्षा इंग्रजीतून किंवा वेल्श भाषेतून द्यावी लागते. तरी त्यांनी खचून जाऊ नये. प्रश्नांची भाषा ठरावीक आहे, शब्द पुन्हा पुन्हा तेच येतात आणि वाचायला अडचण असल्यास इंग्रजी प्रश्न हेडफोनवर ऐकण्याची सोय मागता येते. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून वीस प्रश्न सोडवले आणि त्यांचा अर्थ घरी कोंकणीत बोलून घेतला, तर दोन-तीन महिन्यांत तयारी होऊ शकते. आणि स्विंडनमधला १९७२ सालचा मॅजिक राउंडअबाउट, एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच लहान गोल चौक, सुरुवातीला शिक्षकाला शेजारी बसवूनच पार करावा. प्रत्येक लहान चौकात उजवीकडच्याला वाट देणे, हा एकच नियम तेथे पाच वेळा पाळायचा असतो.

प्रश्न : बारा वर्षे दुबईत राहून आम्ही आता मँचेस्टरला जात आहोत. दुबईत परीक्षा देऊन मिळालेला परवाना आणि जुना ठाण्याचा परवाना असे दोन्ही आहेत. तेथे कोणता दाखवावा?

उत्तर : दुबईचा. संयुक्त अरब अमिरातीचा समावेश मे २०२१ मध्ये अदलाबदलीच्या यादीत झाला आणि आपण तेथेच परीक्षा दिलेली असल्याने ब्रिटनमध्ये पुन्हा परीक्षा देण्याची गरज नाही. वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिने त्या परवान्यावर गाडी चालवता येते आणि अदलाबदलीसाठी पाच वर्षे मिळतात. मात्र बारा महिने उलटल्यावर ब्रिटिश परवाना येईपर्यंत गाडी चालवता येत नाही, म्हणून पहिल्या वर्षातच ४३ पौंड भरून अर्ज करावा. परीक्षा गियरच्या गाडीवर दिली होती, असे सिद्ध करणारे पत्र दुबई सोडण्यापूर्वी घ्यावे. ते नसेल तर केवळ ऑटोमॅटिक गाडीचाच परवाना हाती पडतो आणि नंतर दुबईच्या कार्यालयाशी मँचेस्टरहून पत्रव्यवहार करत बसावे लागते.